पोपट पाळायचा म्हणजे त्याचा थवा व्हायचं

पोपट पाळावा का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कोणता पोपट? आपल्याकडे पोपट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लाल चोचीचा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला हिरवा राघू. आजोळच्या पडवीत टांगलेल्या पिंजऱ्यात ‘मिठू मिठू’ म्हणणारा. आणि नेमका तोच घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातल्या पोपटांच्या सगळ्या जातींना संरक्षण दिलं आहे. साधा राघू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा तोता, सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपट, सगळेच त्यात आले. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून पूर्ण बंद आहे. कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘पिल्लू रानातलं नाही, घरीच जन्मलंय’ असं विकणाऱ्याने सांगितलं तरी फरक पडत नाही. रस्त्याकडेला पाकिटातलं भविष्य काढून देणारा पोपटसुद्धा याच कायद्याखाली येतो.

कायदा एवढा कडक का, हे पिल्लू येतं कुठून ते पाहिलं की कळतं. राघू जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. ढोली तो शून्यातून कोरत नाही. सुतारपक्ष्याने किंवा तांबट पक्ष्याने सोडलेलं भोक थोडं रुंद करून घेतो. पिल्लं काढणारा माणूस हात आत जात नाही म्हणून ढोलीच फोडतो. पिल्लं गेली, आणि पुढच्या वर्षाचं घरही गेलं. ती पिल्लं टोपलीत कोंबून शहरात येतात. ज्या वयात आईबाप चोचीतून भरवतात त्या वयात त्यांना पाण्यात कालवलेलं पीठ मिळतं, आणि त्यातली बरीच दगावतात. बाजारातल्या एका पिल्लाच्या मागे न पोचलेली किती असतील, हा विचार मला सोडत नाही.

मग पाळता काय येतं? परदेशी जाती. आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जोडीने मिळणारे, पाठीवर लाटांसारखी नक्षी असलेले छोटे पक्षी बहुतेक वेळा बजरीगार असतात. मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानांतले. वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगाने आडवे आणि स्वभावाने तापट. तुरा असलेला कॉकाटील हाही ऑस्ट्रेलियाचाच, ८० ते १०० ग्रॅमचा. त्यापुढे कॉन्युअर, मकाव, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे असे मोठे आणि महागडे पक्षी येतात.

बजरीगार, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या तिघांसाठी सरकारी नोंदणी लागत नाही. इतर बहुतेक परदेशी पोपटांसाठी लागते, कारण ते वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे सायटीसच्या यादीत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असा पक्षी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो. त्याला पिल्लं झाली, तो दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. आफ्रिकन ग्रे तर २०१७ पासून सायटीसच्या सर्वांत कडक यादीत आहे. विकणारा कागद न देता ‘काही होत नाही हो’ म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता मुख्य गोष्ट. पोपट पाळण्यातली जवळजवळ प्रत्येक अडचण, त्याचं ओरडणं, चावणं, पिसं उपटणं, आजार लपवणं, एका मुळातून निघते. तो थव्यात जगणारा पक्षी आहे. कुत्र्याला माणसाबरोबर राहायची हजारो वर्षांची सवय आहे. बजरीगार माणसाच्या घरात आला तो १८४० नंतर, जॉन गुल्ड या पक्षीतज्ज्ञाने ऑस्ट्रेलियातून काही पक्षी इंग्लंडला नेले तेव्हापासून. रंग बदलले, डोकी मोठी झाली, पण मन थव्यातलंच राहिलं. रानात एकटा पडलेला पोपट ससाण्याच्या तोंडी जातो. म्हणून एकटं पडणं हीच त्याच्यासाठी सगळ्यांत मोठी भीती.

तुम्ही खोलीतून बाहेर गेलात आणि तो कर्कश ओरडायला लागला, तर तो हट्टीपणा करत नसतो. थव्यातले पक्षी नजरेआड गेले की हाका मारतात. समोरून उत्तर आलं की सगळं ठीक. उत्तर नाही आलं की आवाज चढतो. आपण काय करतो? ‘ए, गप बस!’ असं स्वयंपाकघरातून ओरडतो. त्याच्या दृष्टीने हे उत्तरच झालं. ओरडलं की थवा बोलतो, हे तो एका आठवड्यात शिकतो. उपाय उलटा आहे: बाहेर जाताना तुम्हीच एक ठरावीक शीळ घाला, आणि त्याने पहिली हलकी हाक दिली की लगेच त्याच शिळेने उत्तर द्या. आमच्याकडच्या कॉकाटीलला कुकरच्या शिट्टीपेक्षा ही शीळ महत्त्वाची वाटते. ती ऐकली की तुरा खाली येतो, एक पाय पोटात ओढला जातो आणि चोच चोचीवर घासल्याचा बारीक करकर आवाज सुरू होतो. हा आवाज निर्धास्त, झोपाळलेल्या पोपटाचा. पहिल्यांदा ऐकणारे चोचीला काही झालं म्हणून घाबरतात.

बोलणंही याच हाकांतून येतं. व्हेनेझुएलातल्या एका चिमुकल्या पोपटाच्या जातीवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की प्रत्येक पिल्लाची स्वतःची वेगळी हाक असते आणि ती पिल्लू आईबापांकडून शिकतं. जवळजवळ नावच म्हणा. बजरीगारही एकत्र राहायला लागले की हळूहळू एकमेकांसारखी हाक मारू लागतात. घरात थवा माणसांचा असतो, तेव्हा तो माणसांची हाक उचलतो. ओठ नसताना शब्द कसे निघतात? आपला आवाज घशातल्या स्वरयंत्रातून येतो, तर पक्ष्याचा आवाज निर्माण करणारा अवयव खाली छातीत, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे असतो. पोपट जाडजूड जीभ हलवून त्या आवाजाला आकार देतो. पक हे नाव असलेल्या कॅलिफोर्नियातल्या एका बजरीगारला १,७२८ शब्द येत होते आणि त्याची नोंद गिनीजमध्ये आहे. पण बरेच पक्षी आयुष्यात एक शब्द बोलत नाहीत, विशेषतः बजरीगार आणि कॉकाटीलच्या माद्या. बोलेल म्हणून पक्षी घेऊ नका. न बोलणारा पक्षी दोन महिन्यांत गॅलरीच्या कोपऱ्यात जातो, हे फार पाहिलंय.

बुद्धीचं सांगायचं तर आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेचा ॲलेक्स हा आफ्रिकन ग्रे प्रसिद्धच आहे. त्यांनी तो १९७७ मध्ये दुकानातून आणला आणि २००७ मध्ये तो गेला. तीस वर्षांत तो शंभरएक शब्द अर्थासकट वापरायला शिकला. रंग, आकार, सहापर्यंतचे आकडे आणि ‘यात वेगळं काहीच नाही’ हेसुद्धा त्याला सांगता येई. असं डोकं असलेला पक्षी दोन फुटांच्या पिंजऱ्यात दिवसभर काय करेल?

रानात पोपटाचा दिवस खाणं शोधण्यात जातो. उडायचं, झाड शोधायचं, फळ तोडायचं, सोलायचं, भांडायचं. पिंजऱ्यातली वाटी पंधरा मिनिटांत संपते आणि उरलेला दिवस रिकामा. या रिकामपणातून पिसं उपटण्याची सवय लागते. छाती, मांड्या, पंखांखालची जागा उघडी पडते आणि डोकं मात्र भरगच्च राहतं, कारण स्वतःच्या डोक्याला चोच पोचत नाही. डोक्याचीही पिसं गेली असतील तर बहुधा जोडीदार उपटतोय किंवा आजार आहे. असा पक्षी आधी डॉक्टरला दाखवा, कारण त्वचेचे आणि यकृताचे आजारही असंच रूप घेतात. आजार नसेल तर औषध एकच, काम द्या. दाणे वाटीत ओतण्याऐवजी वाण्याकडे मिळायची तशा कागदाच्या पुड्या बांधून पिंजऱ्यात अडकवा. मक्याचं कणीस सालांसकट द्या. मेथीची जुडी धुऊन छताला उलटी टांगा. पोपट फाडतो, सोलतो, फेकतो, आणि खाली होणारा पसारा हेच त्याच्या बरं असण्याचं लक्षण.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन ठाम समजुती आहेत: पोपटाला मिरची आणि पेरू. दोन्ही खऱ्या. मिरचीतला तिखटपणा ज्या द्रव्यामुळे जाणवतो त्याला पक्ष्यांचे मज्जातंतू दादच देत नाहीत, म्हणून लवंगी मिरचीही तो आरामात खातो. मिरचीच्या रोपाचा यात फायदा आहे: आपल्यासारखे प्राणी दूर राहतात आणि पक्षी बिया न चावता लांब नेऊन टाकतात. शिवाय लाल मिरचीत अ जीवनसत्त्व तयार करणारी द्रव्यं भरपूर. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पोपटाला नेमकं तेच कमी पडतं आणि नाक, डोळे, घसा यांचे आजार लागतात.

बजरीगारला राळं आणि बाजरी चालते, पण तेवढ्यावर नाही. सोबत पालक, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग रोज हवेत. सूर्यफुलाच्या बिया सगळ्या पोपटांना वेड लावतात. त्यात तेल फार, पिंजऱ्यात उडणं नाही, मग यकृतावर चरबी चढते. त्या फक्त बक्षीस म्हणून हातातून द्या. चोच आणि अंड्यांसाठी कॅल्शियम लागतं, त्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवा. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी आणि खारट फरसाण अजिबात नको. ॲव्होकाडोने तर पक्षी काही तासांत मरू शकतो.

आणि वाटी रोज फुंकून बघा. पोपट दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, फुंकर मारली की तळ दिसतो. सुट्टीला जाताना शेजाऱ्यांना ‘वाटीत संपलं की घाला’ एवढंच सांगून गेलेल्या घरात पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी मेल्याच्या घटना होतात.

आता श्वास. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ, आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. आपल्यासारखी आत-बाहेर होत नाही. त्यामुळे प्रत्येक श्वासातला प्राणवायू तो आपल्यापेक्षा जास्त चांगला ओढून घेतो. हवेतलं विषही तितक्याच झपाट्याने ओढतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या थरातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवत नाही, पण शेजारच्या खोलीतला पोपट काही मिनिटांत मरतो. डोशाचा तवा गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसण्याची सवय ज्या घरात आहे, तिथे बिडाचा तवा आणा. डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे, धूप, अगरबत्ती, रूम फ्रेशनर, सिगारेट पक्ष्याच्या खोलीत नकोत. दिवाळीत खिडक्या बंद करून पिंजरा आतल्या खोलीत न्या. धूर आणि आवाज दोन्ही त्याला मारतात.

श्वासाचीच आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून शिकवा. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. प्रेमाने मुठीत घट्ट धरलेलं बजरीगार गळा मोकळा असूनही गुदमरतं. धरायचंच झालं तर मानेच्या दोन बाजूंनी बोटं, आणि छातीवर शून्य दाब.

छताचा पंखा हा आपल्या घरांतला सगळ्यांत मोठा शत्रू. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड, बाथरूममधल्या बादलीवर झाकण. हे जमत नाही म्हणून पंख कापणं मला पटत नाही. उडणं हा त्याचा व्यायाम, त्याची सुटका आणि त्याचा आत्मविश्वास आहे. कापलेला पक्षी घाबरला की चावतो, कारण दुसरा मार्गच नसतो.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात: उंचापेक्षा लांब हवा, कारण पोपट आडवा उडतो. गोल पिंजऱ्यात पाठ टेकायला कोपरा मिळत नाही. छोट्या पक्ष्यासाठी गजांमधली फट साधारण एक सेंटिमीटर, नाहीतर डोकं अडकतं. स्वस्त जस्ताची जाळी चावून जस्ताची विषबाधा होते. प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या धुऊन लावा, म्हणजे तळपायांना फोड येत नाहीत. रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही. कॉकाटील मात्र रात्री मिट्ट अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटत सुटतो. त्याच्यासाठी झिरोचा बल्ब ठेवा.

एक घ्यावा की दोन? घरात दिवसभर कुणी नसेल तर दोन, हे माझं स्पष्ट मत. एकट्या बजरीगारला आरसा देऊन भागत नाही. तो आरशातल्या पक्ष्याला भरवत बसतो आणि तो पक्षी काही खात नाही. नवा पक्षी आणला की महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, मग जवळ आणा. पिल्लं नको असतील तर दुकानदार आग्रहाने देतो ते मडकं घेऊ नका. मडकं दिसलं की मादी अंडी घालायला लागते, नर नसला तरी. वरचेवर अंडी घालून शरीरातलं कॅल्शियम संपतं आणि एखादं अंडं आत अडकून मादी मरते. कुरवाळायचं ते फक्त डोक्यावर आणि गालांवर. पाठीवरून हात फिरवणं पोपटाच्या भाषेत जोडीदाराचं काम आहे, आणि त्यातून आक्रमकपणा, मत्सर, अंडी अशी सगळी साखळी सुरू होते.

वयाचा हिशोब आधीच करा. बजरीगार पाच ते दहा वर्षं, कॉकाटील पंधरा-वीस, आफ्रिकन ग्रे चाळीस ते साठ. पन्नाशीत ग्रे घेणाऱ्याने तो पुढे कोण सांभाळणार हे त्या व्यक्तीला विचारून ठेवायला हवं. कंटाळा आला म्हणून परदेशी पक्षी ‘मोकळा’ सोडणं म्हणजे त्याला मारणं. अन्न कुठे, पाणी कुठे, घार कशी दिसते, काही त्याला माहीत नसतं. कावळे पहिल्याच तासात गाठतात. घरात आधीपासून राघू असेल तर त्यालाही खिडकीतून उडवून देऊ नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. घरात वाढलेल्या पक्ष्याला पुन्हा उडायला आणि थव्यात मिसळायला तयारी लागते. झाडाखाली पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर मात्र उचलून घरी आणू नका, जवळच्या फांदीवर ठेवा. आईबाप आसपासच असतात आणि माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लू टाकत नाहीत.

शेवटी आजार. थव्यातला जो पक्षी आजारी दिसतो त्याच्यावरच शिकारी झडप घालतो. म्हणून पोपट शक्ती असेपर्यंत बरं असल्याचं सोंग करतो, आणि आपल्याला कळतं तेव्हा बऱ्याचदा एक-दोन दिवसच हातात असतात. नजरेपेक्षा वजनकाटा खरं बोलतो. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, आठवड्यातून एकदा सकाळी वजन करा, वहीत लिहा. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे चार ग्रॅम जाणं म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे आठ किलो जाणं. दिवसाढवळ्या पिसं फुगवून बसणं, दांडी सोडून तळाशी उतरणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, यातलं एक जरी दिसलं तरी उद्यावर टाकू नका.

काही आजार आपल्यालाही होतात. पोपटताप म्हणून ओळखला जाणारा जंतुसंसर्ग १९२९-३० मध्ये पाळीव पोपटांमधून अनेक देशांत पसरला होता. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की ताप, कोरडा खोकला, न्यूमोनिया होतो. आज त्यावर औषध आहे, पण डॉक्टरला घरात पक्षी आहे हे सांगावं लागतं. पिंजरा झाडूने झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर कॉकाटील घेण्याआधी विचार करा, त्याच्या अंगावरून सतत बारीक पांढरी पूड झडते.

पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर पक्षी घेण्याआधीच शोधून ठेवा. गल्लीतल्या प्रत्येक पशुवैद्याला पक्ष्यांचा अनुभव नसतो. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात संक्रांतीच्या मांज्याने कापलेल्या पक्ष्यांपासून पाळीव पोपटांपर्यंत पक्षी येतात, पण छोट्या गावात दोन-तीन तासांचा प्रवास लागू शकतो. आजारी पक्षी नेताना पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी जुना सुती कपडा, एका बाजूला बाहेरून कोमट पाण्याची बाटली, वर झाकण. ऊब आणि अंधार मिळाला की त्याची शक्ती वाचते. स्वतःच्या मनाने औषध, मध किंवा ब्रँडी पाजू नका. बळजबरीने पाजलेला थेंब श्वासनळीत जातो. आणि निघण्याआधी पिंजऱ्याच्या तळाचा कागद फेकू नका, विष्ठेसकट तसाच घडी घालून सोबत न्या. डॉक्टर पक्ष्याला हात लावायच्या आधी तोच बघायला मागतात.